खुनाची गोष्ट कोणाची?

सुट्टीवरून परतताना आपल्या बॅगांत काय काय येतं ते सगळेच जाणतात. लोणचं, मेतकूट, भाजणी आणि वजनाचा काटा परवानगी देईल तेवढी पुस्तकं. या खेपेला माझ्या बॅगेत रहस्यकथाच जास्त होत्या. दोह्याच्या उन्हाळ्यात शुक्रवारी दुपारी पडदे ओढून, एसी लावून खुनाची गोष्ट वाचण्यासारखं सुख नाही. आधीची पिढी बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारवर वाढली, आम्ही सुहास शिरवळकरांवर. ते ऋण मान्य आहे. तरी या वेळी पुस्तक मिटताना मनात आलं, की खुनाची गोष्ट असते तरी कोणाची?

हा प्रश्न मला पडतो तो पुण्यामुळे. १९७६ साली मी सहावीत होतो. ३१ ऑक्टोबरला विजयनगर कॉलनीत जोशी कुटुंबातल्या तिघांचे खून झाले. १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर अभ्यंकरांच्या बंगल्यात पाच. आणीबाणी होती, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, त्यामुळे बातमीपेक्षा अफवाच जास्त. दिवेलागणीनंतर रस्ते ओस पडत. वडिलांनी दाराला दुसरी कडी बसवली. आई दूधवाल्यालाही आधी नाव विचारू लागली.

रहस्यकथेचा वाचकाशी एक करार असतो. खुनी हुशार, डिटेक्टिव्ह त्याहून हुशार आणि शेवटच्या प्रकरणात कृत्याच्या तोलामोलाचं कारण. जोशी-अभ्यंकर खटल्यात यातलं काहीच नव्हतं. मारेकरी निघाले टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयातले विद्यार्थी. जानेवारी १९७६ मधला त्यांचा पहिला बळी त्यांच्याच कॉलेजातला मित्र होता. मार्च १९७७ मधला शेवटचा, दहावा, तोही ओळखीतलाच. त्याचं दोरीनं बांधलेलं प्रेत नदीत सापडलं, चौकशीत मित्रांच्या जबान्या एकमेकींशी जुळेनात आणि टोळी उघडी पडली. एक जण माफीचा साक्षीदार झाला. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा यांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. कारण काय, तर पैसे आणि चैन. कोणत्याही संपादकानं हे कथानक ‘पटत नाही’ म्हणून परत पाठवलं असतं.

पुढे या प्रकरणाची गोष्ट सांगितली गेली ती कोणाच्या बाजूनं? मुनव्वर शहानं तुरुंगात लिहिलेलं ‘येस, आय अ‍ॅम गिल्टी’ आणि नाना पाटेकरांचा १९८६ चा ‘माफीचा साक्षीदार’. दोन्ही शीर्षकं गुन्हेगारांकडूनच येतात. त्यात नवल नाही, कारण लेखकाला माणूस बिघडतो कसा याचं कुतूहल असतं आणि ते रास्तही आहे. पण त्या कुतूहलात मारलेली माणसं केवळ आकडा होऊन जातात. माझंच पाहा. चौघांची नावं मला न अडखळता आठवली; दहा जणांची सांगा म्हटलं, तर अडखळलो.

त्या दहांत काशिनाथशास्त्री अभ्यंकर होते. संस्कृत व्याकरणाचा त्यांचा इंग्रजी कोश १९६१ साली बडोद्याहून प्रसिद्ध झाला. पाणिनीच्या परंपरेतल्या एकेका पारिभाषिक शब्दाचा अर्थ त्यात नेमका सांगितला आहे. जगभरचे अभ्यासक आजही तो उघडतात. मी मात्र कित्येक वर्षं त्यांना ‘अभ्यंकर खून प्रकरण’ या तीन शब्दांपलीकडे ओळखत नव्हतो. पुण्यात वाढलेल्या माणसानं हे कबूल करायला लाज वाटते.

म्हणून रहस्यकथा सोडायची का? मुळीच नाही. माझी तक्रार खुनाबद्दल नाही, प्रेताबद्दल आहे. पहिल्या पानावर प्रेत टाकून लेखक पुढे पळतो, तेव्हा मी आता थांबून पाहतो: या माणसाला घर होतं का, सवयी होत्या का, त्याचं काही काम अर्धं राहिलं का? तीनशे पानांत याचं उत्तर एका परिच्छेदानंही मिळालं नाही, तर उलगडा कितीही चलाख असो, पुस्तक माझ्या दृष्टीनं कच्चं.

आमच्या दोह्याच्या फ्लॅटला एकच कुलूप आहे आणि तेवढं पुरतं. तरी रात्री झोपण्यापूर्वी मी दार दोनदा ओढून पाहतो. बायको हसते. ती नागपूरची आहे.