परभाषा शिकवणारा प्राथमिक शिक्षक : 'इंग्रजी अध्यापन' आधारपत्राची भोपाळच्या संदर्भात एक चिकित्सा

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या अनुषंगाने एनसीईआरटीने जी आधारपत्रे तयार करून घेतली, त्यांतील इंग्रजी अध्यापनाविषयीचे आधारपत्र २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यासाठी नेमलेल्या गटाच्या अध्यक्षा हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी व विदेशी भाषा संस्थेतील भाषावैज्ञानिक आर. अमृतवल्ली या होत्या. पहिलीपासून इंग्रजी आणण्याचा प्रश्न शैक्षणिक विचारापेक्षा लोकांच्या आकांक्षेने व राजकीय प्रतिसादाने ठरतो आहे, हे या पत्राने स्पष्टपणे मान्य केले. त्या वेळी देशातील ३५ पैकी २६ राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत इंग्रजी पहिलीपासून किंवा तिसरीपासून सुरू झालेली होती. महाराष्ट्राने २००० सालीच पहिलीपासून इंग्रजीचा निर्णय घेतला होता. निर्णय आधी झाला आणि शिकवणार कोण हा प्रश्न नंतर पुढे आला, ही गोष्ट बहुतेक ठिकाणी सारखीच आहे.

प्रस्तुत लेखात या पत्रातील एकाच बाजूची चिकित्सा करावयाची आहे : लहान मुलांना परभाषा शिकवणाऱ्या शिक्षकाची पार्श्वभूमी ते कशी पाहते. भोपाळ शहर यासाठी उपयुक्त ठरते. येथे, विशेषतः जुन्या शहरातील मुस्लिम वस्त्यांत, मूल पहिली परभाषा म्हणून बहुधा इंग्रजी शिकत नाही. त्याआधी मक्तबात अरबीचा कायदा त्याच्या हाती आलेला असतो. घरी उर्दूमिश्रित बोली, शाळेत हिंदी, मक्तबात अरबी आणि पुन्हा शाळेत इंग्रजी अशा चार भाषा व तीन लिप्या सात-आठ वर्षांच्या मुलापुढे येतात. त्या शिकवणारी माणसे वेगवेगळ्या वाटांनी आलेली असतात.

पत्राची मांडणी

आधारपत्राने आधीच्या एका अभ्यासाच्या आधारे शाळांचे चार प्रकार सांगितले आहेत. शिक्षकाचे इंग्रजीवरील प्रभुत्व आणि मुलाला शाळेत व शाळेबाहेर मिळणारा इंग्रजीचा सहवास, हे दोन निकष त्यासाठी वापरले आहेत. दोन्ही निकष वर किंवा खाली जाणाऱ्या बाणांनी दर्शवले आहेत. जुन्या प्रतिष्ठित इंग्रजी शाळा सर्वांत वर, नव्या खाजगी इंग्रजी शाळा त्यांच्या खाली, मग अनुदानित प्रादेशिक माध्यमाच्या शाळा, आणि दुहेरी खालच्या बाणांसह सर्वांत शेवटी सरकारी शाळा, अशी ही उतरंड आहे.

या मांडणीचे श्रेय नाकारता येत नाही. सर्व शाळांना एकच पाठ्यपुस्तक देऊन प्रश्न सुटत नाही, हे तिने दाखवले. मुलाला अर्थ समजेल अशी भाषा भरपूर ऐकायला व वाचायला मिळाली पाहिजे, आणि त्याच्या स्वभाषा वर्गाबाहेर ठेवू नयेत, हा पत्राचा आग्रहही योग्यच आहे. मात्र शिक्षकाकडे पाहताना हेच पत्र आपला बहुभाषिकतेचा आग्रह सोडून देते. मुलाच्या स्वभाषांना ते संपत्ती मानते. शिक्षकाची मोजणी मात्र एकाच भाषेच्या प्रभुत्वाने होते, आणि भोपाळमधील बहुतेक शिक्षकांच्या वाट्याला त्यामुळे केवळ खाली जाणारा बाण येतो.

उर्दूतून आलेला शिक्षक

उर्दू माध्यमातून शिकलेल्या शिक्षिकेचे उदाहरण घेऊ. तिचे इंग्रजी बोलणे अडखळते, हे मान्य केले तरी तिच्याजवळ काय आहे? उर्दूत 'स' या एकाच ध्वनीसाठी से, सीन, स्वाद अशी तीन अक्षरे आहेत, आणि 'ज़'साठी झाल, झे, झ्वाद, झोए अशी चार. ध्वनी एक आणि अक्षरे अनेक, आणि कोणते अक्षर लिहायचे हे शब्दाच्या उगमावरून ठरते, हा अनुभव तिला बालपणापासून आहे. इंग्रजी वर्णलेखनाची मुख्य अडचण हीच आहे. 'क' ध्वनीसाठी तेथे सी, के, सी-के, क्यू अशा अनेक सोयी आहेत. देवनागरीत लिहावे तसे वाचण्याची सवय असलेल्या मुलाला हे अन्यायकारक वाटते. उर्दू शिकलेल्या मुलाला ते नवीन नसते, पण ही समानता कोणी बोलून दाखवली तरच तिचा उपयोग होतो. शिवाय 'ज़' आणि 'फ़' हे ध्वनी उर्दूत मूळचेच असल्याने 'झू' किंवा 'फॅन' उच्चारताना तिची जीभ अडत नाही.

याच पार्श्वभूमीच्या उणिवाही आहेत. 'स्कूल'चे 'इस्कूल' होणे त्यातलेच. उजवीकडून डावीकडे वाचण्याची सवय झालेल्या मुलाला दिशा बदलताना काही आठवडे मदत लागते. परंतु उणिवा आणि जमा दोन्ही एकाच घरातून आलेल्या आहेत. खाली जाणारा बाण फक्त पहिल्याची नोंद घेतो.

मक्तबातील उस्ताद

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परभाषेचे अध्यापन म्हणजे इंग्रजीचे अध्यापन, असे गृहीत धरल्यामुळे अरबी शिकवणारा हाफिज किंवा आलिम या चर्चेत येतच नाही. वास्तविक लहान मुलाला अपरिचित भाषेची लिपी शिकवण्याचे काम आपल्या वस्त्यांत पिढ्यानपिढ्या हाच माणूस करत आला आहे. त्याची पद्धत तपासण्यासारखी आहे. कायद्यात मूल हिज्जे करते : अक्षराचे नाव, त्यावरील झेर-झबर-पेशचे नाव आणि लगेच त्यातून निघणारा उच्चार. मग दोन-तीन उच्चार जोडून शब्द रवां वाचायचा. प्रत्येक पायरीवर अक्षराकडून ध्वनीकडे जाण्याचा पूल बांधलेला असतो. याच्या शेजारी आपल्या प्राथमिक शाळेतील 'सी-ए-टी कॅट' ठेवून पाहावे. तीन अक्षरांची नावे घेतल्यावर 'कॅट' हा उच्चार कसा झाला, याचे उत्तर त्या घोषात कोठेच नाही. मूल ते पाठ करते.

याचा अर्थ मक्तब आदर्श आहे असा मुळीच नाही. नाझरा शिकणारे मूल शुद्ध वाचते, पण अर्थ जाणत नाही. धार्मिक पठणाच्या हेतूने त्याला वेगळे स्थान आहे. पण तीच रीत शाळेतील इंग्रजीत शिरली, तर त्याचे समर्थन करता येणार नाही. दुर्दैवाने असे झालेले दिसते. २०१६ च्या असर पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या सुमारे २४.५ टक्के मुलांनाच साधी इंग्रजी वाक्ये वाचता आली. ज्यांना वाचता आली, त्यांपैकी सुमारे ६२ टक्के मुलेच त्यांचा अर्थ सांगू शकली. म्हणजे वाचू शकणाऱ्यांतही मोठा गट नाझरा इंग्रजी वाचत होता, आणि ही मुले मक्तबातली नव्हती.

अरबीच्याच परंपरेत यावर उपायही आहे. लखनौच्या नदवतुल उलमाने अरबी ही जिवंत भाषा म्हणून शिकवण्यावर भर दिला. मौलाना अबुल हसन अली नदवी यांनी 'कससुन्नबिय्यीन' हे पैगंबरांच्या कथांचे पुस्तक मुलांसाठी लिहिले. त्यात सोपी, छोटी वाक्ये आहेत, तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात, आणि गोष्ट मुलाला आधीच माहीत असते. आधारपत्र ज्याला समजण्याजोग्या भाषेचा सहवास म्हणते, त्याचा हा आपल्याच घरातला नमुना होय. भोपाळच्या ताजुल मसाजिदमधील दारुल उलूम मौलाना इम्रान खान नदवी यांनी उभारले, आणि ते याच परंपरेतले आहे. म्हणजे अरबी शिकवणाऱ्यांतही दोन वेगळ्या पार्श्वभूमी आहेत. एकीकडे ध्वनी जोडण्याचे कसब आहे, दुसरीकडे गोष्टीतून अर्थ पोहोचवण्याचे. संस्थेच्या आवारात मक्तब आणि शाळा शेजारी असतात. तरी उस्ताद आणि इंग्रजीची शिक्षिका अध्यापनाविषयी एकत्र बसून बोलल्याचे क्वचितच दिसते.

नोकरीच्या अटी

तिसरा आक्षेप असा की, पार्श्वभूमी ही केवळ भाषेची किंवा पदवीची बाब नाही. सुलतान जहाँ बेगम यांनी आपल्या आत्मचरित्रात बालपणीचा अभ्यासक्रम दिला आहे. कुराण, फारसी, पश्तू, इंग्रजी असे पाठ त्यात होते, आणि त्यासाठी वेगवेगळे शिक्षक नेमलेले होते. राजवाड्याला हे परवडत होते. पुढे त्यांनीच १९०३ मध्ये मुलींसाठी सुलतानिया शाळा काढली. तेव्हापासून शिकवणार कोण हा प्रश्न सार्वजनिक झाला, आणि आज एकाच शिक्षिकेने सर्व विषय आणि सर्व भाषा शिकवाव्यात अशी अपेक्षा असते.

मध्य प्रदेशात या शिक्षिकेचे पदनामही स्थिर राहिले नाही. १९९० च्या दशकात नियमित शिक्षक संवर्गातील भरती थांबली आणि शिक्षाकर्मी आले. १९९७ च्या शिक्षण हमी योजनेत गावातलाच गुरुजी मानधनावर नेमला गेला. नंतर संविदा शाळा शिक्षक, अध्यापक, अतिथी शिक्षक अशी नावे येत गेली. अध्यापकांना शिक्षण विभागात सामावून घेण्याचा निर्णय २०१८ मध्ये झाला. मदरशांच्या बाबतीत इंग्रजी, गणित, विज्ञान शिकवणाऱ्यांसाठी केंद्राची जी योजना होती, तिच्यात पदवीधराला दरमहा ६,००० आणि पदव्युत्तर किंवा बी.एड. झालेल्याला १२,००० रुपये ठरले होते. हे मानधन वेळेवर न मिळण्याच्या तक्रारी अनेक राज्यांतून येत राहिल्या, आणि २०२१-२२ नंतर योजना पुढे चालू राहिली नाही. पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्याकडून स्वतःची परभाषा सुधारण्याची अपेक्षा कोणत्या आधारावर करायची? आधारपत्राच्या वर्गीकरणात या घटकाला स्तंभच नाही.

पात्रता परीक्षेचे माप

शिक्षण हक्क कायदा लागू झाल्यानंतर २०१० मध्ये किमान अर्हता ठरल्या. त्या बारावी, दोन वर्षांची पदविका आणि शिक्षक पात्रता परीक्षा अशा आहेत. २०११ पासून घेतल्या जाणाऱ्या केंद्रीय परीक्षेच्या प्राथमिक पेपरात १५० प्रश्न असतात, आणि त्यांतील ३० दुसऱ्या भाषेवर. सर्व बहुपर्यायी. उमेदवाराला त्या भाषेत एक वाक्यही बोलावे लागत नाही, की कोणाचे ऐकून उत्तर द्यावे लागत नाही. सहा वर्षांच्या मुलाला परभाषा कानानेच मिळणार असते. मापात कानाला आणि जिभेला जागा नाही. म्हणजे आधारपत्राने ज्या प्रभुत्वाला सर्वस्व मानले, तेही प्रत्यक्षात मोजले जात नाही.

हा प्रश्न आता आपल्या दारापर्यंत आला आहे. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत शिल्लक असलेल्या कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक ठरवले. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा मुद्दा मोठ्या पीठासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवण्यास सांगितले. त्याचा निर्णय काहीही होवो, आपल्या शाळांनी सवलतीच्या आड उभे राहणे हिताचे नाही. आणि परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणजे शिक्षक तयार झाला, असे मानणेही हिताचे नाही.

एका शंकेचे उत्तर

शिक्षकाच्या पार्श्वभूमीचे कौतुक करून आपण त्याच्या कच्च्या इंग्रजीवर पांघरूण घालतो, अशी शंका कोणी घेईल. ती रास्त आहे. ज्याला भाषा येत नाही तो ती शिकवू शकत नाही, आणि गरीब मुलाला कच्चे इंग्रजी देऊन त्याच्या संस्कृतीचा गौरव होत नाही. पण केवळ लवकर सुरुवात करून काही साधत नाही, हेही सिद्ध झालेले आहे. इंग्लंडमध्ये १९६४ ते १९७४ या काळात प्राथमिक शाळांतील फ्रेंचचा मोठा प्रयोग तपासला गेला. क्लेअर बर्स्टॉल यांच्या अहवालाने लवकर सुरू केल्याचा भरीव व टिकाऊ लाभ दिसत नसल्याचा निष्कर्ष काढला. त्या अभ्यासाच्या पद्धतीवर नंतर टीका झाली, तरी वर्गात उभा असलेला शिक्षक हा निर्णायक घटक आहे, हा मुद्दा त्या टीकेने कमकुवत झाला नाही. म्हणून प्रभुत्व वाढवायचेच आहे. ते कोठून वाढवायला सुरुवात करायची, हे पार्श्वभूमी समजल्याशिवाय ठरत नाही, एवढेच येथे म्हणायचे आहे.

महाविद्यालयांचे काम

या ठिकाणी आपल्यासारख्या महाविद्यालयीन शिक्षकांचा संबंध येतो. कम्युनिटी कॉलेजच्या आपल्या वर्गात बसलेल्या मुलींपैकी कित्येक जणी दोन-तीन वर्षांत गल्लीतल्या प्राथमिक शाळेत शिकवू लागतात. ज्या पार्श्वभूमीची आपण येथे चिकित्सा करतो, ती आपल्याच हातून घडत असते. पदवीच्या तीन वर्षांत त्यांनी इंग्रजी मोठ्याने किती वाचले, एखादी गोष्ट सांगितली का, की फक्त मार्गदर्शिकेतून उत्तरे उतरवली, याचा हिशेब प्राथमिक शाळेतील मुलाला द्यावा लागतो.

त्यामुळे काही मर्यादित सूचना कराव्याशा वाटतात. आपल्या संस्थांच्या शाळांत परभाषा शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाची नोंद घ्यावी : तो कोणत्या लिपीत प्रथम वाचायला शिकला, परभाषा त्याला कोणी व कशी शिकवली, घरी काय बोलतो, नोकरीची अट काय आहे. अरबी आणि इंग्रजी शिकवणाऱ्यांची महिन्यातून एक संयुक्त बैठक असावी, आणि तिच्यात एकाच मुलाचे दोन्ही लिप्यांतील वाचन दोघांनी मिळून ऐकावे. महाविद्यालयाने मोठ्याने वाचन व कथाकथन यांचा सायंकालीन वर्ग या शिक्षकांसाठी चालवावा. आणि व्यवस्थापनाने किमान भाषेच्या शिक्षकाला तीन वर्षांची लेखी नेमणूक द्यावी. यांपैकी एकाही गोष्टीसाठी सरकारी योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही.

आधारपत्राने शिक्षकात काय कमी आहे ते सांगितले. त्याच्याजवळ काय आहे, याची यादी भोपाळसारख्या शहरात आपणच केली पाहिजे. ती यादी झाल्याखेरीज पुढील कोणतेही प्रशिक्षण वरवरचेच राहील.