१० टक्के पाणी, पण कोणत्या महिन्यात?

धरणाखालच्या नदीत मासे टिकवायचे तर किती पाणी सोडावं? या विषयावरचं काहीही वाचायला घ्या, एक टक्केवारी भेटतेच. १०, २०, ३०. आज मला या टक्केवारीचीच उलटतपासणी करायची आहे.

तिचं मूळ बरंचसं डोनाल्ड टेनंट यांच्या १९७६ च्या निबंधात आहे. मोंटाना, वायोमिंग आणि नेब्रास्का या अमेरिकी राज्यांतल्या ११ प्रवाहांवर त्यांनी मोजमापं घेतली आणि ढोबळ नियम दिला: वार्षिक सरासरी प्रवाहाच्या १० टक्के पाण्यात मासे जेमतेम तग धरतात, ३० टक्क्यांत बरे राहतात. काम प्रामाणिक आहे. एका तक्त्यात मावणारं आहे, म्हणून जगभर पसरलं. भानगड त्याच्या प्रवासात झाली.

आता हा नियम वैनगंगेला लावून बघा. समजा (आकडे फक्त हिशेबासाठी) वर्षाची सरासरी १०० आहे, जुलैत नदी ३५० ने वाहते आणि मे महिन्यात ४ ने. १० टक्के म्हणजे १०. मे महिन्यात तुम्ही नदीला तिच्या स्वभावापेक्षा जास्त पाणी देताय आणि जुलैत जवळपास काहीच नाही. कागदावर मात्र दोन्ही महिने पास! आपल्या नद्या पावसाच्या चार महिन्यांत वर्षभराचं वाहून घेतात. त्यांना 'सरासरी' लावणं म्हणजे महिनाभराच्या जेवणाची सरासरी काढून रोज तेवढंच वाढण्यासारखं, सण असो की उपास.

गंगेसाठी केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये काढलेली अधिसूचना यापेक्षा शहाणी आहे, हे कबूल करायला हवं. तिच्यात वरच्या टप्प्यासाठी हिवाळ्यात २०, जून ते सप्टेंबर ३० टक्के असे हंगाम वेगळे धरलेत. पण ती गंगेपुरतीच, आणि पावसाळ्यातही उरलेलं ७० टक्के अडवायची मुभा तिच्यात राहतेच. नेमकं तिथेच माशांचं अडतं.

कारण साधं आहे. रोहू, कतला हे पहिल्या पुराच्या गढूळ पाण्यासोबत वर चढतात आणि काठाच्या उथळ, नुकत्याच बुडालेल्या जमिनीवर अंडी घालतात. आययूसीएनच्या यादीत 'असुरक्षित' ठरलेला वॅलागो अट्टू हाही पावसाळ्यातच विणीला निघतो. अंडी फुटायला तास लागतात, महिने नाही. धरण मात्र हाच पहिला पूर पोटात घेतं, कारण तेव्हा ते रिकामं असतं. पुढे भरलं की दरवाजे एकदम उघडतात आणि एकदम बंद होतात. पाणी झपकन उतरलं की काठावरची अंडी उन्हात. महिन्याच्या सरासरीत हे दिसतच नाही.

पोफ आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्येच सांगितलं होतं की प्रमाणासोबत वेळ, वारंवारता, कालावधी आणि बदलाचा वेग हेही मोजा. आपण त्यातलं प्रमाण तेवढं उचललं.

"मग मत्स्यबीज सोडा की!" हे उत्तर तुम्ही ऐकलं असेल. कावेरीचं उदाहरण बघा. लोणावळ्याच्या केंद्रात वाढवलेली निळ्या पराची महासीर तिथे सोडली गेली. ती फोफावली आणि तिथलीच कुबडाची महासीर मागे पडत गेली. २०१८ मध्ये या कुबडवालीची शास्त्रीय ओळख टोर रेमादेवी अशी पक्की झाली, आणि आज ती अतिसंकटग्रस्त आहे. बीज सोडल्याचे आकडे दरवर्षी वाढतील, नदी तीच राहील असं नाही.

उलट बाजूही ऐका. पहिला पूर जाऊ दिला आणि पुढे पाऊस रुसला तर सिंचनाचं काय, ही अभियंत्यांची भीती खोटी नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात तोतलाडोह तळाला गेलं तेव्हा नागपूरकरांनी ती अनुभवली आहे. पण मागणी पूर्ण पूर सोडण्याची नाहीच. एक-दोन दिवसांचा लहान लोंढा, आणि दरवाजे बंद करताना पायरी-पायरीने. दुसऱ्या गोष्टीला तर फारसं जास्तीचं पाणीही लागत नाही. कोलोरॅडोवरच्या ग्लेन कॅन्यन धरणातून २०२४ मध्ये वीजनिर्मितीवर पाणी सोडून थंड पाणी सोडलं गेलं, तिथल्या हम्पबॅक चब माशाला खाणारा परका बास मासा वाढू नये म्हणून. म्हणजे माशासाठी दरवाजा हलवता येतो, फक्त किंमत कोण भरणार ते आधी ठरवावं लागतं.

आपल्याकडे ती किंमत सध्या भंडारा-पवनीकडचे ढिवर भरताहेत, जाळ्यात. ऑगस्ट २०२० च्या पुरात गोसीखुर्दचे ३३ ही दरवाजे उघडले, तेव्हा बातम्यांत किती दरवाजे, किती क्युमेक हे सगळं येत होतं. ते माणसांसाठी, आणि बरोबरच होतं. तशा नोंदी पूर नसतानाच्याही मिळाल्या, विशेषतः दरवाजे बंद करतानाच्या, तर जून-जुलैत पाणी तासाला किती उतरतं हे काढता येईल. ढिवरांना विचारून विणीच्या जागा नकाशावर टाकता येतील. टक्केवारीची पाळी त्यानंतर.