शारदेचे वय आणि नटाचे वय

मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासात नटाच्या गळ्याची चर्चा विपुल आहे. त्याच्या वयाची जवळजवळ नाही. स्त्रीभूमिका पुरुषांनी करावयाच्या असल्यामुळे त्या पुष्कळदा कोवळ्या मुलांकडे जात. मुलाचे सारे मोल ज्या गळ्यात आणि ज्या अंगलटीत साठविलेले असे, ती दोन्ही तीन-चार वर्षांत पालटणार, हे नाटक मंडळीच्या चालकांना पक्के ठाऊक असे. चरित्रकार मात्र ‘आवाज फुटला’ एवढे म्हणून, एखादे किरकोळ दुखणे नोंदवावे तशी ही घटना उरकून टाकतात.

केशवराव भोसले यांचे उदाहरण या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. १८९० साली कोल्हापुरात जन्मलेले केशवराव बालवयातच स्वदेशहितचिंतक मंडळीत दाखल झाले. मंडळीचे बिऱ्हाड हेच घर, तालीम हीच शाळा. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ नाटकातील नायिकेच्या भूमिकेने त्यांचा लौकिक झाला, आणि ही गोष्ट केवळ योगायोगाची नव्हे. १८९९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाची नायिका शकुंतला किंवा सुभद्रा यांच्यासारखी शृंगारनायिका नाही. ती एक भेदरलेली, लग्नाच्या वयाला नुकतीच पोचलेली मुलगी आहे. तिची पदेही घरगुती बोलीला जवळची आहेत. इतर नाटकांत मुलाला प्रौढ स्त्रीच्या विभ्रमांचे सोंग शिकवावे लागे. येथे त्याचे स्वतःचे अजाणपणच भूमिकेच्या उपयोगी पडे. देवलांच्या नाट्यदृष्टीचे हे यश टीकाकारांनी सामाजिक प्रश्नाच्या गौरवात हरवून टाकले आहे. (१९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला लाभलेले ‘शारदा कायदा’ हे नाव हरबिलास सारडा यांच्यावरून आले, नाटकावरून नव्हे; मराठी कानांना दोन्ही एकच वाटावीत यात नवल नाही.)

कांचनभट पैशाच्या लोभाने मुलीला वृद्ध भुजंगनाथाच्या गळ्यात बांधू पाहतो, तेव्हा प्रेक्षकांचा जीव शारदेसाठी तुटे. शारदा होऊन गाणाऱ्या मुलाचेही बालपण दुसऱ्यांच्या व्यवहारात गुंतलेले आहे, हे कोणाच्या मनात येत नसे. हे साम्य अर्थातच ताणता येणार नाही. मंडळीने मुलाला अन्न दिले आणि विद्याही दिली. अनेकांना ती घरी मिळती ना. पण वाढण्याचा निर्णय त्याच्या हाती नव्हता, एवढे खरे.

तो हाती कसा येई? मालक होऊन. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीस ‘ललितकलादर्श’ स्थापन झाली, तेव्हा केशवरावांना अठरावे वर्ष चालू होते. दीनानाथ मंगेशकर १९१८ साली ‘बळवंत संगीत मंडळी’चे भागीदार झाले, तेही जवळपास याच वयात. नटाचे सज्ञान होणे आणि मंडळीची मालकी या दोन गोष्टी त्या काळी अशा एकमेकींत अडकल्या होत्या. मालकीने मुक्तता मिळे, असे मात्र म्हणवत नाही. कर्ज, बिऱ्हाडाचा खर्च आणि प्रेक्षकांची आवड या तीन गोष्टी नव्या मालकालाही जुन्याच वेषात उभे करीत. केशवरावही मालक झाल्यावर लगेच स्त्रीवेष टाकू शकले नाहीत. पुरुषभूमिकांकडे ते क्रमाक्रमाने वळले. १९१३ मध्ये स्वतःची मंडळी काढणाऱ्या बालगंधर्वांनी तर स्त्रीवेष हेच आपले क्षेत्र मानले.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त ‘मानापमाना’त ही दोन उत्तरे समोरासमोर आली: बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. त्या प्रयोगाविषयी लिहिताना गाण्यात कोण वरचढ ठरला, याचाच काथ्याकूट होत आला आहे. तेहतीस वर्षांचा एक नट अजून कुमारिकेच्या वेषात आणि एके काळची शारदा सेनापतीच्या पोशाखात, हे दृश्य बहुतेकांच्या नजरेतून निसटले. केशवरावांना पुढे अवघे तीन महिने मिळाले. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, एकतिसाव्या वर्षी, ते निवर्तले.