‘फुगीर’ लिहिणं म्हणजे नक्की काय?

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसच्या समासात गाइडनी एकच शब्द लिहिला होता : ‘फुगीर’. आधी राग आला. मग म्हटलं, शब्द तरी नीट बघूया.

इंग्रजीतलं ‘फ्लॅट्युलंट’ हे विशेषण पोटातल्या वायूलाही लागतं आणि पोकळ, भारदस्त भाषेलाही. मूळ लॅटिन ‘फ्लातुस’, म्हणजे फुंकर, वारा. मराठीत वाल, हरभरा यांना आपण ‘वातूळ’ म्हणतो, पण हा शब्द बहुतेक जेवणापुरताच राहिला. लिखाणापर्यंत पोचलं ते ‘फुगणं’. पोट फुगतं, कौतुकाने माणूस फुगतो, खर्चाचे आकडे फुगवले जातात. इन्फ्लेशनलाही आपण ‘चलनफुगवटा’ म्हणतोच.

पण भाकरीही फुगते, आणि नाही फुगली तर आपण हळहळतो. पिठातल्या पाण्याची वाफ होते, पापुद्रा सुटतो. वाफ निघून गेली तरी भाकरी उरते. मला कसोटी इथेच सापडली : वाफ गेल्यावर काय उरतं?

माझं वाक्य असं होतं : ‘हिरकणीवाडी परिसरातील जलस्रोतांच्या शाश्वततेचा बहुआयामी परिप्रेक्ष्यातून सर्वंकष वेध घेण्याचा प्रस्तुत संशोधनाचा मानस आहे.’ रायगडाच्या पायथ्याच्या या वाडीऐवजी कुठल्याही गावाचं नाव घाला, वाक्य तसंच चालतं. काय मोजणार, कधी, कशाने, याचा पत्ता नाही.

दुरुस्त केलेलं वाक्य : ‘हिरकणीवाडीतल्या विहिरींची पाणीपातळी मार्च ते मे दर आठवड्याला टेपने मोजणार.’ खरं सांगू? हे लिहायला भीती वाटत होती. एक आठवडा हुकला तरी कुणीही जाब विचारू शकतं. ‘सर्वंकष वेध’ला कोण काय विचारणार? फुगवटा आपण बऱ्याचदा विद्वत्ता दाखवायला नाही, तर लपायला वापरतो.

एक मात्र लक्षात ठेवा. अवघड शब्द म्हणजे फुगीर शब्द नव्हे. ‘भूजल पुनर्भरण’ जड वाटतं, पण त्याचा अर्थ ठरलेला आहे, ते मिलिमीटरमध्ये मांडता येतं. तो शब्द बिनधास्त ठेवा. उलट ‘हा अभ्यास खूप महत्त्वाचा आहे’ हे वाक्य सोपं असूनही फुगीर आहे, जोपर्यंत कुणासाठी आणि का ते तुम्ही सांगत नाही.

आज तुमच्या प्रस्तावातलं पहिलं वाक्य घ्या आणि त्यातलं गावाचं किंवा नमुन्याचं नाव बदलून बघा. काहीच बिघडलं नाही, तर वाक्य पुन्हा लिहा.