‘क्राईम इन इंडिया’मधील लैंगिक गुन्ह्यांची आकडेवारी आणि पोलीस प्रशिक्षण : एक चिकित्सा

‘क्राईम इन इंडिया’ हा वार्षिक अहवाल १९५३ सालापासून प्रसिद्ध होत आहे. १९८६ साली स्थापन झालेला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आता तो तयार करतो. स्त्रियांवरील अत्याचारांविषयीचे चर्चासत्र कोणत्याही विद्याशाखेचे असो, तेथील शोधनिबंधांतील पहिला तक्ता बहुधा याच अहवालातून घेतलेला असतो. संशोधक आकडे उतरवून घेतात, वाढीची टक्केवारी काढतात आणि ‘गुन्हे वाढले’ असे नोंदवून पुढील प्रकरणाकडे वळतात. मार्गदर्शकांनाही त्यात काही वावगे वाटत नाही. वस्तुतः या तक्त्यात मोजलेले असतात ते पोलीस ठाण्यांत दाखल झालेले प्रथम खबरी अहवाल. घडलेला गुन्हा आणि नोंदलेला गुन्हा यांच्यामध्ये ठाणे अंमलदाराचे टेबल असते. त्या टेबलावर काय घडते आणि तेथे बसणाऱ्याला प्रशिक्षणात काय शिकविले जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम आकड्यांकडे पाहू. देशात २०१२ साली बलात्काराचे २४,९२३ गुन्हे नोंदले गेले, तर २०१३ साली ३३,७०७. म्हणजे एका वर्षात सुमारे ३५ टक्के वाढ. या दोन आकड्यांच्या दरम्यान दिल्लीतील डिसेंबर २०१२ची घटना, न्या. वर्मा समितीचा जानेवारी २०१३चा अहवाल आणि त्यानंतरची फौजदारी कायद्यातील दुरुस्ती आहे. या दुरुस्तीने बलात्काराची व्याख्या विस्तारली, संमतीचे वय १६ वरून १८ वर्षे केले आणि लैंगिक गुन्ह्याची खबर नोंदविण्यास टाळाटाळ करणाऱ्या लोकसेवकास सक्तमजुरीची शिक्षा ठेवली. तेव्हा ३५ टक्क्यांतील किती वाटा गुन्हेगारीचा, किती व्याख्येचा आणि किती नोंदविणाऱ्याच्या भीतीचा, हे या तक्त्यावरून सांगता येत नाही. उलट दिशेचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०१६ साली ३८,९४७ असलेला आकडा २०१७ साली ३२,५५९वर आला. या घटीवरून परिस्थिती सुधारल्याचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पॉक्सो कायद्याखालील बालकांवरील अत्याचारांची गणना स्वतंत्र शीर्षाखाली होऊ लागल्याचा तो परिणाम होता. रकाना बदलला आणि आलेख खाली आला.

एका प्रथम खबरी अहवालात अनेक गुन्हे असतील तर त्यांपैकी सर्वांत गंभीर गुन्हाच मोजायचा, हा ‘मुख्य गुन्हा नियम’ही ध्यानात घ्यावा लागतो. गुन्ह्यांची वाढ आणि नोंदणीतील वाढ या भिन्न गोष्टी आहेत, असा इशारा खुद्द नोंद विभागच आपल्या अहवालात देत आला आहे. तो वाचण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही, हा दोष मात्र विभागाचा नव्हे. नोंदीबाहेर काय राहते याची कल्पना राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीवरून (२०१९-२१) येते. १८ ते ४९ वयोगटातील ६ टक्के स्त्रियांनी आयुष्यात केव्हातरी लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. आणि शारीरिक अथवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितली होती. ही मदतही बहुतेक वेळा माहेरच्या माणसांकडे मागितलेली. पोलिसांपर्यंत पोहोचणाऱ्या त्यांतील अगदी थोड्या.

ज्या थोड्या पोहोचतात त्यांचे काय होते? या प्रश्नाचा महाराष्ट्रातील सर्वांत महत्त्वाचा दाखला १९७२ सालचा आहे. त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात दोन पोलिसांनी एका आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याची तक्रार झाली. सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष ठरविले, त्यावर १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि १९८३ साली कायदा बदलला, हा इतिहास परिचित आहे. त्यातील एक तपशील मात्र चर्चेत येत नाही. त्या रात्री ठाण्याबाहेर जमाव जमला होता आणि तो ठाणे पेटविण्याची भाषा करीत होता. जमादाराने जमावाला शांत केले, त्यानंतर मुलीचा जबाब घेतला आणि तोच प्रथम खबर म्हणून नोंदविला गेला. जमाव जमला नसता तर त्या वर्षीच्या अहवालात हा गुन्हा दिसला असता काय, हा प्रश्न आकडेवारीच्या अभ्यासकाने स्वतःला विचारावयास हवा.

आज जमावाची जागा कायद्याने घ्यावी अशी अपेक्षा आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच प्रथम खबर नोंदविणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट केले. प्राथमिक चौकशीला वाव असलेल्या प्रकरणांची जी उदाहरणे न्यायालयाने दिली, त्यांत लैंगिक गुन्हे नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितांनी मात्र प्रशिक्षकापुढे नवी अडचण उभी केली आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९नुसार विनयभंगाची (कलम ७४) खबर न नोंदविणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. त्याच वेळी नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३(३) तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, वरिष्ठांच्या परवानगीने, चौदा दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशीची मुभा देते. विनयभंगाची कमाल शिक्षा पाच वर्षे आहे. म्हणजे एक कलम ‘नोंदव’ म्हणते, दुसरे ‘आधी पडताळून पाहा’ म्हणते. ‘अर्ज ठेवून जा, चौकशी करून कळवतो’ ही ठाण्यांतील जुनी पद्धत या दुसऱ्या कलमाच्या आडोशाने कायदेशीर वेश धारण करू शकते. आणि चौदा दिवसांत गाव काय करते, तडजोडीसाठी कोण कोण घरी येते, हे ग्रामीण भागात अध्यापन करणाऱ्यांस सांगावयास नको.

प्रशिक्षणाचे अपुरेपण नेमके येथे जाणवते. संवेदनशीलतेवरील व्याख्याने वाढली, त्यांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु प्रशिक्षणार्थ्याला कलमे पाठ असणे आणि बोलता बोलता अडखळणाऱ्या स्त्रीच्या हकिकतीतून योग्य कलम ओळखता येणे ही निरनिराळी कौशल्ये आहेत. बलात्काराच्या प्रयत्नाची हकिकत विनयभंग म्हणून, विनयभंगाची हकिकत शिवीगाळ व मारहाण म्हणून अदखलपात्र नोंदवहीत उतरली की कोणी खोटे लिहिलेले नसते, तरीही आकडा खोटा होतो. शिवाय अकादमीतून बाहेर पडलेल्या अधिकाऱ्याचे पुढील शिक्षण मासिक गुन्हे आढावा बैठकीत होते. तेथे वाढलेल्या आकड्याचा जाब द्यावा लागत असेल, तर अकादमीतील तास फार काळ टिकत नाहीत.

इंग्लंडमधील अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. तेथे जानेवारी २०१४ मध्ये सांख्यिकी प्राधिकरणाने पोलिसांच्या गुन्हे आकडेवारीचा ‘राष्ट्रीय सांख्यिकी’ हा दर्जा काढून घेतला. त्याच वर्षी पोलीस निरीक्षणालयाने तक्रारी आणि नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा पोलिसांपर्यंत पोहोचलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे १९ टक्के नोंदलेच गेले नसल्याचे आढळले. लैंगिक गुन्ह्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. पुढील वर्षांत तेथील नोंदलेल्या लैंगिक गुन्ह्यांची संख्या झपाट्याने वाढली आणि त्या वाढीत सुधारलेल्या नोंदणीचा वाटा मोठा असल्याचे तेथील सांख्यिकी कार्यालयाने मान्य केले. तेथे पोलीस अधिक सज्जन आहेत असे नव्हे. तेथे बाहेरचा कोणी येऊन वही तपासतो, एवढाच फरक आहे.

अशी तपासणी आपल्याकडे अवघड नाही. मदतवाहिनीवर आलेले दूरध्वनी, ठाण्यातील स्टेशन डायरी, अर्ज चौकशीची नोंदवही, शासकीय रुग्णालयांतील वैद्यकीय-न्यायविषयक नोंदी आणि प्रथम खबरी अहवाल यांचा मेळ एका जिल्ह्यापुरता घातला तरी पुष्कळ उलगडा होईल. पीडितांची ओळख गुप्त ठेवून हे काम समाजशास्त्र, संख्याशास्त्र आणि विधी या विभागांना एकत्रितपणे हाती घेता येईल. त्यासाठी पोलीस अधीक्षकांची परवानगी लागेल. ती देणाऱ्या अधिकाऱ्याच्या जिल्ह्याचा आकडा पुढील वर्षी बहुधा वाढलेलाच दिसेल, आणि त्या वाढीकडे आढावा बैठकीत कसे पाहिले जाईल हे आधी ठरवून घ्यावे लागेल.