'मूव्ह' ह्या क्रियेचा अर्थ : आरपीजी-रूपांतराच्या साधनग्रंथांविषयी

आयबीएमच्या मध्यम आकाराच्या संगणकांवर, १९६९ च्या सिस्टिम/३ पासून १९८८ च्या एएस/४०० पर्यंत व त्यानंतरही, व्यापारी हिशेबाचे पुष्कळसे काम आरपीजी ह्या भाषेत झाले. त्या जुन्या आज्ञावल्या नव्या रूपात आणू पाहणाऱ्यांची नेहमीची तक्रार अशी की, साधनग्रंथच मिळत नाहीत. निदान आरपीजीपुरती ही तक्रार मान्य करता येत नाही. ग्रंथ आहेत. परंतु ते भाषेचे व्याकरण सांगतात, संहितेचा अर्थ सांगत नाहीत.

१९९४ साली आरपीजी-४ आली, तेव्हा तिच्याबरोबर रूपांतराची एक तयार आज्ञाही आली. तिचे काम लिप्यंतराचे होय. स्तंभ सरकतात, पूर्वी पाच अक्षरांत कोंबलेल्या 'डिलीट'ला गळलेले अक्षर परत मिळते. १ ते ९९ हे निर्नाम दर्शक मात्र होते तसेच राहतात. मोडीतला कागद बाळबोधीत उतरविला म्हणजे त्यातील दप्तरी संज्ञा उलगडल्या, असे कोणी समजत नाही.

खरी अडचण स्तंभमुक्त रूपाकडे वळताना येते. तेथे 'मूव्ह' ही क्रिया नाही. तिच्याऐवजी 'इव्हालआर' वापरावी, असे सामान्यतः सुचविले जाते. दोन्ही क्रिया मजकूर उजवीकडे लावून ठेवतात, हे खरे. तथापि त्या समानार्थक नव्हेत. चार अक्षरांच्या क्षेत्रात 'कखगघ' असताना 'मूव्ह'ने '०५' ठेवले, तर 'कख०५' उरते. 'इव्हालआर' डावीकडे दोन रिकाम्या जागा भरते. जुने आज्ञावलीकार वर्ष डावीकडे व महिना उजवीकडे ठेवून एकच क्षेत्र जुळवीत. तेथे हा पर्याय वर्ष पुसून टाकतो आणि संकलकाला त्यात काही दोष दिसत नाही! खातेवहीतली तारीख बिघडते ती अशी, गाजावाजा न होता.

शिवाय 'मूव्ह'चा अर्थ क्षेत्राच्या जातीवर व लांबीवर अवलंबून असतो. ती लांबी कधी शेकडो ओळी अलीकडच्या एखाद्या गणनेत, तर कधी आज्ञावलीबाहेरच्या फाइलवर्णनात नोंदलेली असते. सबब रूपांतरकाराने प्रथम शोधावयाचे ते भाषेचे संदर्भग्रंथ नव्हेत, तर त्या कार्यालयातील फाइलवर्णने, संकलनाच्या जुन्या छापील प्रती आणि प्रत्यक्ष निघालेले अहवाल. संकलनाची प्रत विशेष मोलाची, कारण प्रत्येक क्षेत्राची जात व लांबी तीत एके ठिकाणी दिलेली असते.