वेगाच्या शिडीपलीकडे

मोबाइलच्या पिढ्या शिकवताना आपण बहुधा फळ्यावर शिडी काढतो : दुसरी पिढी हळू, चौथी वेगवान, पाचवी त्याहून वेगवान. माणसांच्या फोनपुरते हे चित्र चालते. यंत्रे एकमेकांशी बोलू लागली की मात्र ते फसवे ठरते, असे आम्हाला वाटते.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने पाचव्या पिढीसाठी अनेक कसोट्या ठरवल्या. त्यांतील तीन अशा : सेकंदाला २० गिगाबिट इतका कमाल वेग, १ मिलिसेकंद विलंब आणि चौरस किलोमीटरमागे १० लाख उपकरणे. जाहिरातीत पहिलीच झळकते. कारखान्याला आणि शेताला बहुतेकदा उरलेल्या दोन हव्या असतात.

पाण्याचा मीटर घ्या. त्याला दिवसाकाठी मोजके आकडे पाठवायचे असतात. अशा उपकरणांसाठी २०१६ मध्ये प्रमाणित झालेली ‘नॅरोबँड आयओटी’ ही पद्धत मुद्दामच संथ ठेवली आहे. पट्टा जेमतेम २०० किलोहर्ट्झचा. तळघरातूनही निरोप पोहोचावा म्हणून तो पुनःपुन्हा पाठवायचा आणि एरवी झोपून राहायचे. एका बॅटरीवर दहा वर्षे काढावीत, हा हेतू. शिडीवर हिला कोणती पायरी देणार?

विलंबाचेही तसेच. १ मिलिसेकंद हा आकडा यंत्र ते मनोरा एवढ्याच टप्प्याचा आहे. प्रकाशतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई-नागपूर सरळ रेषेत सुमारे ७०० किलोमीटर. म्हणजे जाण्यायेण्यालाच किमान ७ मिलिसेकंद हवेत. पिढी कितवीही असो, हा हिशेब बदलत नाही. म्हणून यंत्रमानवाला झटपट आज्ञा देणारा संगणक कारखान्याजवळच ठेवावा लागतो.

आमचा खरा आक्षेप यापुढचा आहे. फोन आपण काही वर्षांत बदलतो. मीटर किंवा धोक्याची सूचना देणारी यंत्रे दहा-पंधरा वर्षे भिंतीवर असतात. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने २०१७ च्या आरंभी दुसऱ्या पिढीचे जाळे बंद केले, तेव्हा केवळ त्यावर विसंबलेली धडधाकट उपकरणेही मुकी झाली. नवी पायरी चढताना जुनी काढून घेतली जाते, हे शिडीचे चित्र सांगत नाही.

तेव्हा शिडीऐवजी तक्ता काढावा. ‘किती वेगवान?’ याशेजारी ‘किती उशिराने, किती उपकरणांना, किती वर्षे?’ हे रकाने ठेवावेत. मुलांना ते भरू द्यावेत.